बिऱ्हाड निघालं टेक्सासला

१८१९ साली अमेरिकेत बँका बुडाल्या, कापसाचे भाव पडले आणि उधारीवर जमीन घेतलेले हजारो शेतकरी कर्जात रुतले. त्यानंतरच्या दोन दशकांत टेनेसी, अलाबामा, मिसिसिपी या राज्यांत एक प्रकार नेहमीचा झाला. सावकाराचा माणूस वसुलीला यायचा तर घर रिकामं असायचं आणि दारावर खडूने तीन अक्षरं लिहिलेली असायची: ‘जी. टी. टी.’ म्हणजे ‘गॉन टू टेक्सास’, टेक्सासला गेलो. नांगर, बियाणं, भांडीकुंडी आणि तान्ही पोरं गाडीत घालून घरधनी सीमेपलीकडे पसार झालेला असायचा.

टेक्सास तेव्हा अमेरिकेत नव्हता. १८२१ साली स्पेनच्या ताब्यातून सुटलेल्या मेक्सिकोचा तो उत्तरेकडचा, विरळ वस्तीचा मुलूख होता. तिकडे ओढणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे जमीन. अमेरिकेच्या १८२० च्या कायद्याने सरकारी जमिनीचा दर एकराला सव्वा डॉलर ठरवला होता. किमान ८० एकर घ्यावे लागत आणि सगळे पैसे रोख मोजावे लागत. म्हणजे शंभर डॉलर हातात असल्याशिवाय बोलणंच नको. मेक्सिकोच्या १८२५ च्या वसाहत कायद्याने मात्र शेती आणि गुरं दोन्ही करणाऱ्या कुटुंबाला तब्बल ४,४२८ एकर देऊ केले. सरकारी आकार होता सुमारे ३० डॉलर, तोही हप्त्याने आणि पहिली काही वर्षं बिनतगाद्याचा. मोजणीदाराचं आणि दप्तराचं शुल्क वेगळं पडे, पण तरीही सौदा अमेरिकेच्या मानाने फुकटच होता. एकट्या पुरुषाला कुटुंबाच्या पाव हिस्साच जमीन मिळे. सरकारला मुलंबाळं घेऊन येणारी, मुळं धरणारी माणसं हवी होती. वसाहतींचा कंत्राटदार स्टीफन ऑस्टिन याने आणलेल्या पहिल्या वसाहतीला ‘ओल्ड थ्री हंड्रेड’ म्हणतात. टेक्सासचा इतिहास शिकणाऱ्या मुलांना ती तीनशे कुटुंबं आजही शिकवली जातात.

या स्वस्ताईची किंमत दुसऱ्यांनी मोजली. ऑस्टिनच्या सुरुवातीच्या योजनेत प्रत्येक गुलामामागे ८० एकर जादा जमीन होती. कारांकावांसारख्या मूळ रहिवाशांना त्यांच्याच किनाऱ्यावरून हुसकावण्यात आलं. मेक्सिकोने १८२९ साली गुलामगिरी बंद केली, तेव्हा टेक्सासातल्या अमेरिकन वसाहतवाल्यांनी त्यातून सूट मिळवली. पुढे १८३६ साली त्यांनी वेगळं राष्ट्र उभारलं आणि १८४५ साली ते अमेरिकेत सामील झालं. मधल्या काळात, १८३९ साली, त्या छोट्या राष्ट्राने एक कायदा केला. कर्ज कितीही असो, कुटुंबाचं राहतं घर आणि भोवतीची ५० एकर जमीन सावकाराला जप्त करता येणार नाही, असं त्याने ठरवलं. दारावर खडूने तीन अक्षरं लिहून आलेल्या माणसांनीच हा कायदा केला, हे ओळखायला फार विचार करावा लागत नाही. राहत्या घराचं ते संरक्षण टेक्सासच्या राज्यघटनेत आजही आहे.

आज कॅलिफोर्नियातून टेक्सासला जाणाऱ्या तरुण जोडप्याला वाटतं, हे आपल्या पिढीचंच दुखणं आहे. पगार बरा आहे, पण घर परवडत नाही, पाळणाघराची फी भाड्याइतकी झाली आहे आणि दुसरं मूल होऊ द्यावं की नाही हे बेडरूमच्या संख्येवर ठरतं आहे. हा हिशोब मात्र दोनशे वर्षं जुना आहे. फक्त या दोनशे वर्षांत ‘परवडणारं राज्य’ म्हणून कोणाकडे बोट दाखवायचं ते अनेकदा बदललं. एके काळी ते बोट कॅलिफोर्नियाकडे होतं. ते तिथून का हललं, हे समजून घेण्यासारखं आहे.

टेक्साससारखं आमिष पुढे अमेरिकेच्या केंद्र सरकारनेही दाखवलं. अब्राहम लिंकनने २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर सही केली. १६० एकर जमीन घ्या, पाच वर्षं तिथे राहा, घर बांधा, जमीन कसा आणि १८ डॉलरच्या एकूण शुल्कात मालक व्हा, असा तो कायदा होता. नेब्रास्का, कॅन्सस, डकोटा, ओक्लाहोमा अशा अनेक भागांत मिळून या कायद्याखाली सुमारे १६ लाख कुटुंबांना आणि व्यक्तींना जमिनीचे पट्टे मिळाले. अमेरिकेच्या एकूण भूभागाचा जवळजवळ दहावा हिस्सा असा वाटला गेला आणि त्यातली बहुतेक जमीन मूळ अमेरिकनांकडून हिरावलेली होती. ज्या कोरड्या माळावर पाऊस बेभरवशाचा होता, तिथे १६० एकरांवर संसार चालणं कठीण होतं. हे पुरतं कळायला दोन पिढ्या जाव्या लागल्या.

ते कळलं १९३० च्या दशकात. महामंदी आणि दुष्काळ एकदमच आले. नांगरून उघडी पडलेली माती वाऱ्याने उडाली. ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सामधली लाखो माणसं ६६ नंबरच्या महामार्गाने पश्चिमेला निघाली, कॅलिफोर्नियाला. त्यांना हिणवून ‘ओकी’ म्हणत. जॉन स्टाइनबेकची ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ ही १९३९ सालची कादंबरी याच लोंढ्याची आहे. कॅलिफोर्नियाने त्यांचं स्वागत केलं नाही. फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसचे पोलीस प्रमुख जेम्स डेव्हिस यांनी आपल्या शहराचे १३६ पोलीस थेट राज्याच्या सीमांवर पाठवले. ज्याच्या खिशात पैसे दिसत नाहीत, त्याला परत फिरवायचं, असा हुकूम होता. एका शहराच्या पोलिसांनी सगळ्या राज्याची वेस अडवावी, असा तो विलक्षण प्रकार होता.

या काळातली एक हकिकत न्यायालयाच्या कागदपत्रांत तारखांसह नोंदलेली आहे. फ्रेड एडवर्ड्स हा उत्तर कॅलिफोर्नियातल्या मेरीसव्हिलचा रहिवासी. डिसेंबर १९३९ मध्ये तो आपल्या मेहुण्याला, फ्रँक डंकनला, आणायला टेक्सासातल्या स्पर या छोट्या गावी गेला. डंकनच्या हाताला काम नव्हतं. शेवटचं काम सरकारी रोजगार योजनेवरचं होतं. १ जानेवारी १९४० रोजी दोघे एडवर्ड्सच्या मोटारीतून निघाले, ३ तारखेला अॅरिझोनामार्गे कॅलिफोर्नियात शिरले आणि ५ तारखेला मेरीसव्हिलला पोचले. निघताना डंकनकडे सुमारे २० डॉलर होते. पोचेपर्यंत ते संपले. दहा दिवस तो बहिणीच्या घरी राहिला आणि मग त्याला सरकारी मदत सुरू झाली. एवढ्यावरून एडवर्ड्सवर खटला भरला गेला. निर्धन माणसाला जाणूनबुजून राज्यात आणणं हा कॅलिफोर्नियात गुन्हा होता. त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली, ती स्थगित ठेवली गेली. पण प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

२४ नोव्हेंबर १९४१ रोजी न्यायालयाने कॅलिफोर्नियाचा तो कायदा रद्द केला. गरिबी हे कोणाला राज्याच्या वेशीवर अडवण्याचं कारण होऊ शकत नाही, हे त्या दिवशी ठरलं. आज सॅन होजेहून डॅलसला जाणारं कुटुंब कोणाची परवानगी मागत नाही, दाखला काढत नाही, वेशीवर थांबत नाही. त्या मोकळेपणाला एडवर्ड्सच्या त्या पाच दिवसांच्या प्रवासाचा मोठा आधार आहे. आणि तो प्रवास टेक्सासकडून कॅलिफोर्नियाकडे होता.

या निकालानंतर दोनच आठवड्यांनी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि ज्या कॅलिफोर्नियाने माणसं परत फिरवली होती, त्यालाच माणसं कमी पडू लागली. विमानांचे कारखाने, जहाजबांधणीचे धक्के आणि लष्करी तळ उभे राहिले. युद्ध संपल्यावर सैनिक परतले, लग्नं झाली, मुलं झाली. २२ जून १९४४ च्या ‘जी. आय. बिल’ने माजी सैनिकाच्या घरकर्जाची हमी सरकारने घेतली होती. आता फक्त घरं हवी होती.

ती कशी उभी राहिली, हे पाहायचं तर लॉस एंजेलिस काउंटीतल्या लेकवूडकडे पाहावं. १९५० साली तीन बिल्डरांनी तिथली साडेतीन हजार एकर शेतजमीन हाती घेतली आणि तीन वर्षांच्या आत १७,५०० घरं बांधली. कामाची पद्धत कारखान्यासारखी होती. एका टोळीने फक्त पाये खणायचे, दुसरीने काँक्रीट ओतायचं, तिसरीने लाकडी सांगाडा उभा करायचा, आणि प्रत्येक टोळीने आपलं काम आटोपून शेजारच्या प्लॉटवर सरकायचं. दिवसाला पन्नासपर्यंत घरं पुरी होत. प्लॉट ५० फूट बाय १०० फुटांचा होता. घर दोन किंवा तीन बेडरूमचं, आजच्या मानाने लहानच. पण स्वयंपाकघरात स्टेनलेस स्टीलचं सिंक आणि त्याखाली खरकटं भरडणारं विजेचं यंत्र असे. माजी सैनिकाला डाउन पेमेंट शून्य. कर्ज ३० वर्षांचं, व्याज ४ टक्के. जवळच लाँग बीचला डग्लस कंपनीचा विमान कारखाना होता. तिथला कामगार एकट्याच्या पगारावर हे घर घेऊ शकत होता आणि घेत होता.

सगळ्यांना मात्र नाही. कृष्णवर्णीय माणसाला घर विकू नये अशा अटी दस्तात घालण्याची तेव्हा रीत होती. न्यायालयांनी अशा अटींची अंमलबजावणी करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९४८ सालीच सांगितलं होतं. तरी लेकवूडच्या विक्री कार्यालयातून कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना वाटेला लावलं जाई. दक्षिणेतली वंशभेदाची राज्यं सोडून १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय अमेरिकन उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे आले. त्यांना कॅलिफोर्नियात काम मिळालं, मत देता आलं, पण लेकवूडसारख्या वसाहतीत घर मिळालं नाही. घरातून उभी राहणारी पुंजी त्यांच्या वाट्याला आली नाही आणि तो फरक पुढच्या पिढ्यांनाही भोगावा लागला.

बिऱ्हाड हलवण्याचा धंदाही याच काळातला. १९४५ च्या उन्हाळ्यात नौदलातून सुटलेला सॅम शोएन आणि त्याची पत्नी अॅना मेरी लॉस एंजेलिसहून पोर्टलंडला राहायला निघाले. सामानासाठी गाडीमागे जोडायचा ट्रेलर भाड्याने हवा होता, पण तो एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडायची सोय कुठेच नव्हती. मोटारीत मावेल तेवढंच सामान घेऊन ते निघाले आणि वाटेत त्यांना धंद्याची कल्पना सुचली. पाच हजार डॉलरच्या भांडवलावर त्यांनी ‘यू-हॉल’ काढली. नारिंगी रंगाचे तिचे ट्रेलर आणि ट्रक पुढे अमेरिकेत घर बदलण्याची खूणच झाले. आज या कंपनीचे दर पाहिले तरी वारा कुठे वाहतो ते कळतं. कॅलिफोर्नियातून टेक्सासला जाणाऱ्या ट्रकचं भाडं उलट दिशेच्या भाड्यापेक्षा कितीतरी जास्त असतं, कारण भरून गेलेले ट्रक परत यायला गिऱ्हाईक नसतं.

१९४० साली कॅलिफोर्नियाची लोकसंख्या ६९ लाख होती. १९७० साली ती जवळजवळ दोन कोटी झाली. मधल्या काळात कॅलिफोर्नियाने न्यू यॉर्क राज्याला मागे टाकलं. १९६० च्या उच्चशिक्षण योजनेने सरकारी विद्यापीठांत राज्यातल्या मुलांना शिकवणी शुल्क न घेण्याचं तत्त्व कायम ठेवलं. पगार चांगला, घर आवाक्यात, कॉलेज जवळजवळ मोफत आणि हवा वर्षभर सुखाची. तरुण कुटुंबाला आणखी काय हवं असतं?

मग हे बिघडलं कसं? एका दिवसात नाही आणि कोणाच्या दुष्टाव्यानेही नाही. १९६० च्या दशकाअखेर कॅलिफोर्नियाची माणसं वाढीला विटली होती. फळबागा जाऊन डांबरी मैदानं आली, लॉस एंजेलिसच्या धुरक्याने डोळे चुरचुरत, टेकड्या खणल्या जात होत्या. ही तक्रार खरी होती. १९७० साली गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी राज्याच्या पर्यावरण गुणवत्ता कायद्यावर सही केली. १९७२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हा कायदा सरकारी परवाना लागणाऱ्या खाजगी बांधकामांनाही लागू होतो. त्यानंतर शेजारी होणारी इमारत नको असलेल्या कुणालाही ती कोर्टात वर्षानुवर्षं अडकवता येऊ लागली. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडच्या पेटालुमा गावाने नव्या घरांवर वर्षाला ५०० ची मर्यादा घातली. बिल्डर कोर्टात गेले, खाली जिंकले, पण १९७५ साली अपिलात गाव जिंकलं. इतर गावांनी तो कित्ता गिरवला. लॉस एंजेलिस शहराचे १९६० सालचे बांधकाम नियम एक कोटी माणसं सामावतील इतक्या घरांना जागा देत होते. १९९० पर्यंत नियम इतके आवळले गेले की ही मर्यादा चाळीस लाखांच्या आसपास आली.

त्यावर १९७८ चा ‘प्रपोझिशन १३’ हा थेट मतदानाला ठेवलेला प्रस्ताव आला. महागाईमुळे घरांच्या किमती चढत होत्या, त्याबरोबर मालमत्ता कर चढत होता आणि निवृत्त माणसांना घर विकावं लागेल अशी भीती होती. हॉवर्ड जार्व्हिस यांनी मोहीम उघडली आणि ६ जून १९७८ रोजी सुमारे ६५ टक्के मतदारांनी ती उचलून धरली. कर घराच्या किमतीच्या एक टक्क्यावर आला, जुन्या मालकांची किंमत १९७५ सालची धरली गेली आणि ती वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढणार नाही असं ठरलं. घर विकलं गेलं तरच नवी किंमत लागू होणार होती.

याचा अर्थ तरुण खरेदीदाराला काय होता, हे स्टेफनी नॉर्डलिंगर यांच्या खटल्यात दिसतं. १९८८ साली त्यांनी लॉस एंजेलिसच्या बाल्डविन हिल्स भागात १ लाख ७० हजार डॉलरला एक साधं घर घेतलं. त्यांना वर्षाला सुमारे १,७०० डॉलर कर आला. तशाच घरात १९७५ पासून राहणारे शेजारी साडेतीनशे डॉलरच्या आसपास भरत होते. रस्ता तोच, शाळा तीच, अग्निशमन दल तेच, पण कर जवळजवळ पाचपट. त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि १९९२ साली आठ विरुद्ध एक मतांनी हरल्या. जुन्या मालकाला हलायचं कारण उरलं नाही. गावांना घरांतून फारसा कर मिळेना, म्हणून विक्रीकर देणारी दुकानं त्यांना घरांपेक्षा प्रिय झाली. नव्या कुटुंबासाठी कोणाचंच दार उघडेना.

परिणाम आकड्यांत स्वच्छ दिसतो. राज्याच्या विधिमंडळ विश्लेषक कार्यालयाने २०१५ साली मांडलेल्या अहवालानुसार, १९७० साली कॅलिफोर्नियातली घरं देशाच्या मानाने सुमारे ३० टक्के महाग होती. १९८० साली ती ८० टक्के महाग झाली आणि २०१५ पर्यंत अडीचपट. १९८० ते २०१० या काळात दरवर्षी जितकी घरं बांधली, त्याखेरीज आणखी ७० हजार ते १ लाख १० हजार घरं बांधली असती तर किमती ताब्यात राहिल्या असत्या, असा त्या कार्यालयाचा अंदाज होता. एप्रिल २०२४ मध्ये राज्यात विकल्या गेलेल्या स्वतंत्र घराची मध्यम किंमत पहिल्यांदाच ९ लाख डॉलरवर गेली. टेक्सासात ती साडेतीन लाखांच्या आसपास होती.

यातून अमेरिकेच्या इतिहासातलं एक मोठं वळण घडलं. पीटर गनाँग आणि डॅनियल शोग या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं आहे की १८८० ते १९८० अशी शंभर वर्षं गरीब आणि श्रीमंत राज्यांच्या उत्पन्नातली दरी सतत कमी होत होती. त्याचं एक मोठं कारण माणसांचं स्थलांतर हे होतं. गरीब राज्यातला शेतमजूर, सफाई कामगार, सुतार जास्त पगाराच्या राज्यात जाई आणि घरभाडं देऊनही त्याच्या हातात पूर्वीपेक्षा जास्त उरे. १९८० नंतर हे थांबत गेलं. श्रीमंत राज्यात पगार जास्तच होता, पण तो सगळा घर गिळू लागलं. वकिलाला तिथे जाणं अजून परवडे, सफाई कामगाराला परवडेना. पूर्वी तरुण कुटुंबं जास्त पगाराकडे जात, आता ती स्वस्त घराकडे जातात, मग तिथे पगार कमी का असेना. दरवर्षी घर बदलणाऱ्या अमेरिकनांचं प्रमाणही १९४० च्या दशकाअखेर सुमारे २० टक्के होतं, ते २०२१ मध्ये साडेआठ टक्क्यांच्याही खाली आलं. जी माणसं अजून हलतात, त्यांची दिशा स्पष्ट आहे. २०२२ साली सुमारे १ लाख २ हजार माणसं कॅलिफोर्नियातून टेक्सासला गेली. उलट दिशेने आली ती ४२ हजारांच्या आसपास. २०२० च्या जनगणनेनंतर कॅलिफोर्नियाने इतिहासात पहिल्यांदाच प्रतिनिधिगृहातली एक जागा गमावली आणि टेक्सासने दोन कमावल्या.

टेक्सासला स्वस्त ठेवणारी यंत्रणा तशी साधी आहे. तिथल्या काउंटींना शहराबाहेरच्या जमिनीवर झोनिंग, म्हणजे कुठे काय बांधायचं याचे नियम, लादण्याचा अधिकारच नाही. गावकुसाबाहेरचं शेत विकत घेऊन बिल्डर वसाहत आखू शकतो. पाणी आणि सांडपाण्याची सोय करायला कायद्याने एक स्थानिक जिल्हा स्थापता येतो. त्याला ‘मड’ म्हणतात. तो रोखे काढून पाइप टाकतो आणि ते कर्ज पुढे घरमालक आपल्या करातून फेडतात. ह्यूस्टन शहराने तर झोनिंगच नाकारलं. १९४८, १९६२ आणि १९९३ अशा तीन वेळा मतदारांनी त्याला नकार दिला. १९९८ साली त्या शहराने मध्यवर्ती भागात घरासाठी लागणारा किमान प्लॉट ५,००० वरून १,४०० चौरस फुटांपर्यंत खाली आणला आणि जुन्या एका घराच्या जागी तीन-तीन उभी घरं उठली. २०२१ ते २०२३ या काळात टेक्सासने दर वर्षी कॅलिफोर्नियाच्या दुपटीहून जास्त घरांना परवाने दिले, तेही लोकसंख्या जवळजवळ ९० लाखांनी कमी असताना.

डॅलसच्या उत्तरेकडचं फ्रिस्को हे या काळाचं लेकवूड आहे. १९९० साली तिथे ६ हजारांच्या थोडी वर वस्ती होती. २००० साली ती ३४ हजारांच्या जवळ, २०१० साली १ लाख १७ हजार आणि २०२० साली २ लाखांवर गेली. शेजारच्या प्लेनोमध्ये टोयोटाने २०१७ साली आपलं उत्तर अमेरिकेचं मुख्यालय उघडलं. ते आलं कॅलिफोर्नियातल्या टॉरन्सहून आणि त्याबरोबर हजारो नोकऱ्या आल्या. २०२० च्या जनगणनेत फ्रिस्कोत दर चार रहिवाशांपैकी सुमारे एक आशियाई वंशाचा होता आणि त्यात भारतीय मोठ्या संख्येने आहेत.

मराठी माणूस या प्रवाहाबाहेर नाही. १९८१ साली शिकागोत बृहन्महाराष्ट्र मंडळ ही तिथल्या मराठी मंडळांची संघटना स्थापन झाली, तेव्हा अमेरिकेतली मराठी वस्ती मुख्यतः ईशान्येकडे, शिकागोच्या परिसरात आणि कॅलिफोर्नियात होती. मंडळाचं २०१९ चं अधिवेशन डॅलसला भरलं, कारण तोवर तिथे ते पेलणारा मराठी समाज उभा राहिला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या मराठी घरात मूल बालवाडीच्या वयाला आलं की हिशोब सुरू होतो. स्कूल डिस्ट्रिक्ट चांगला हवा, आजी-आजोबा पुण्याहून सहा महिने येतील तेव्हा खालच्या मजल्यावर एक खोली हवी आणि मॉर्गेज एकाच्या पगारात भागायला हवं. डॅलस आणि ऑस्टिनच्या बाजूला हे तिन्ही जमतं. गेल्यावर पाठीशी मराठी शाळा असते, गणपती असतो, दिवाळीचा फराळ करून देणारी कुणीतरी असते. मागे राहतात ते दहा वर्षं जपलेले मैत्र, समुद्राची हवा आणि नोकरी गेली तर दुसरी मिळवून देणारी ओळख.

या हिशोबातल्या सगळ्याच रकमा टेक्सासच्या बाजूच्या नाहीत. राज्याचा आयकर नाही हे खरं, पण मालमत्ता कर घराच्या किमतीच्या साधारण दीड टक्क्यावर जातो, कॅलिफोर्नियात तो सरासरी पाऊण टक्क्याच्या आसपास राहतो. उत्पन्न कमी असलेल्या कुटुंबाला टेक्सासात आपल्या कमाईचा जास्त हिस्सा करात द्यावा लागतो, तर श्रीमंताला कमी. बाळंतपणानंतर किंवा आजारी माणसाच्या सेवेसाठी पगारी रजा देणारा कायदा देशात पहिल्यांदा कॅलिफोर्नियाने २००२ साली केला. टेक्सासात खाजगी नोकरदारांना तसा हक्क नाही. आरोग्यविमा नसलेल्या माणसांचं प्रमाण देशात सर्वांत जास्त टेक्सासात आहे. गारपिटीमुळे घराचा विमा महाग पडतो. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात वीज गेली, लाखो घरं गारठली आणि सरकारी मोजणीनुसार २४६ माणसं दगावली. तान्हं मूल घेऊन जाणाऱ्या जोडप्याने हे सगळं कागदावर मांडून मगच ट्रक बुक करावा.

टेक्सासही फार काळ आपोआप स्वस्त राहणार नाही. २०२० नंतर ऑस्टिनमध्ये माणसं इतकी आली की भाडी आणि किमती झपाट्याने चढल्या. पण ऑस्टिनने तेव्हा कॅलिफोर्नियाची वाट धरली नाही. अपार्टमेंट मोठ्या संख्येने बांधली गेली. २०२३ साली शहराने प्रत्येक इमारतीला ठरावीक पार्किंगची सक्ती रद्द केली आणि एका प्लॉटवर तीन घरांना परवानगी दिली. २०२२ नंतर तिथली भाडी उतरत गेली. २०२५ साली टेक्सासच्या विधिमंडळाने मोठ्या शहरांना बजावलं की नव्या वसाहतींत ३,००० चौरस फुटांहून मोठ्या प्लॉटची सक्ती करू नका. त्याच वर्षी कॅलिफोर्नियानेही पन्नास वर्षांची आपली चूक दुरुस्त करायला घेतली. जूनमध्ये शहरातल्या मोकळ्या जागांवरच्या घरबांधणीला पर्यावरण कायद्यातून मोठी सूट मिळाली आणि ऑक्टोबरमध्ये रेल्वे स्थानकांजवळ उंच इमारतींना वाट करून देणारा कायदा झाला.

कायदा झाला म्हणजे घर झालं असं नाही. कागदावरची परवानगी विटांत उतरायला वर्षं लागतात आणि पुढच्या ऑगस्टमध्ये ज्यांचं मूल शाळेत जाणार आहे, ते थांबू शकत नाहीत. म्हणून आणखी काही वर्षं ट्रक पूर्वेकडेच जात राहतील. कॅलिफोर्नियाला आपली तरुण माणसं राखायची असतील तर सॅन होजे, ओकलंड आणि पेटालुमासारख्या गावांनी आता हात आखडता घेऊ नये. आणि फ्रिस्को-प्लेनोत नव्याने घरमालक झालेल्यांनी, त्यात आपली मराठी घरंही आली, शेजारी अपार्टमेंट बांधायचा प्रस्ताव नगरपालिकेच्या सभेत येईल तेव्हा तिथे जावं आणि त्याच्या बाजूने बोलावं.